नवरा, एक नग

विद्यापीठाच्या फाटकातून मी आयुष्यात दोनदा आत गेलो आणि दोन्ही वेळा साहित्य म्हणून. प्रयोगशाळेत लागतं ते साहित्य. नोंदवहीत माझ्या वरच्या ओळीत 'स्प्रिंगकाटे, दोन' होते आणि खालच्या ओळीत 'लाकडी ठोकळे, सहा'. मधे मी. विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात वरिष्ठ सहायक असलेल्या, स्वतःच्या टेबलावर स्वतःची घंटी असलेल्या माणसाची ही गत. घंटी वाजवली तरी कोणी येत नाही ती गोष्ट वेगळी, पण घंटी आहे.

याचं कारण आमची ही. लग्न, मुलगी आणि माझ्या बदल्या यांत तिची भौतिकशास्त्राची पदवी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसली होती. मुलगी नववीत गेली तशी हिने ती पदवी खाली काढली, पुसली आणि शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला निघालेल्यांसाठी विद्यापीठात वर्षभराचा अभ्यासक्रम असतो तिथे नाव घातलं. मी जेवताना सहज म्हणालो, ''पण तुला विषय येतो ना? मग उभं राहायचं आणि सांगायचं. त्यात शिकण्यासारखं काय आहे?'' हे मी एकदाच म्हणालो. त्या दिवशी दुसऱ्यांदा भात कोणी वाढला नाही.

तिथल्या विभागाच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. दिसायला लहानखुऱ्या, चष्मा कायम डोक्यावर, आणि मत एकच, पण अगदी पक्कं : ज्याला भौतिकशास्त्र चांगलं येतं तो वर्गात सर्वांत धोकादायक. ''ज्याला येतं त्याला न येणाऱ्याचं दुखणं कळत नाही,'' असं त्या म्हणत. त्यामुळे वर्षभर सराव पाठ. एकाने फळ्यापाशी शिक्षक व्हायचं आणि बाकीच्यांनी बाकांवर आठवीतली मुलं. ही मुलं म्हणजे सगळी पदवीधर. त्यातला एक दाढीवाला तर बोटं तोंडात घालून बोबडं बोलायचा म्हणे. पण प्रश्न विचारला की तोच दाढीवाला सूत्रासकट उत्तर द्यायचा, एककासकट. आठवीतलं कुठलं मूल आपण होऊन एकक सांगतं?

यावर बाईंनी नियम काढला. परीक्षेच्या पाठाला प्रत्येकाने आपला एक पाहुणा विद्यार्थी आणायचा, आणि तो असा हवा की शाळा सुटल्यापासून त्याने भौतिकशास्त्राला हात लावलेला नाही. कोणी आजी आणली, कोणी मामा आणला. चुकीचं उत्तर खरोखर मनापासून देणारं माणूस हवं, एवढीच अट.

हिच्या बाबतीत बाईंना एक वेगळीच काळजी होती. प्रत्येक पाठाच्या शेवटी तोच शेरा : 'घाई. उत्तर स्वतःच देऊन मोकळ्या होता.' मी तो शेरा वाचला आणि मला बाईंबद्दल फार जवळीक वाटली. हिला चूक म्हणून सहन होत नाही. मी 'परवा बुधवारी' म्हणायला गेलो की 'बु'वरच ती 'मंगळवारी' म्हणते. टॉवेलची घडी मी घालतो आणि ती परत घालते. मी चारचौघांत विनोद सांगायला लागलो की वाघाच्या जागी अस्वल घालून मोकळी होते, आणि दुर्दैव असं की अस्वलानेच लोक जास्त हसतात.

तर एका संध्याकाळी चहाबरोबर न मागता बिस्किटं आली. मी सावध झालो.

''अहो, तुम्हाला विजेतलं काही कळतं का हो?''

''म्हणजे, तसं बरंच कळतं,'' मी म्हणालो. ''परवा फ्यूज कोणी बसवला?''

''इलेक्ट्रिशियनने. पण नसेलच कळत तर फार बरं होईल. कळत नसेल तरच उपयोग आहे तुमचा.''

अठरा वर्षांच्या संसारात माझा उपयोग आहे असं ती पहिल्यांदा म्हणाली, आणि तोसुद्धा असा. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी बिस्किट खाल्लं आणि हो म्हणालो. कारण गंमत वेगळी आणि हे वेगळं. आमच्या घराजवळच्या शाळेत भौतिकशास्त्राची जागा रिकामी होती आणि मुख्याध्यापिका हिला म्हणाल्या होत्या, ''पास व्हा आणि या, जागा धरून ठेवते.'' परीक्षेचा पाठ गेला की वर्ष गेलं, वर्ष गेलं की जागा गेली. आणि ती पदवी पुन्हा वरच्या फळीवर. हे ती बोलून दाखवत नव्हती, पण त्या शाळेवरून जाताना चालता चालता हळू व्हायची.

आता खरं म्हणजे मी काहीच करायचं नव्हतं. जायचं, बसायचं, विचारलं तर मनात येईल ते बोलायचं. इतकं सोपं काम माझ्या हातून बिघडलं असतं असं नाही. पण आमच्या समोरच्या दारात गॅरंटीकाका राहतात.

गॅरंटीकाका वीज खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. जगातल्या कुठल्याही गोष्टीची ते गॅरंटी देतात. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडणार नाही याची दिली होती, आणि ती त्यांना घेऊनच दोन मजल्यांच्या मधे उभी राहिली होती. त्यांना बातमी कळताच ते घरात आले आणि दार लावून घेतलं.

''तुम्ही तिथे चारचौघांत वेड्यासारखी उत्तरं देणार?'' ते म्हणाले. ''लोक काय म्हणतील? यांचा नवरा असा? वहिनींची इज्जत काय राहील, तुमची सोडा!''

हे मला पटलं. माणसाची इज्जत नाजूक जागी असते आणि काकांना ती जागा बरोबर सापडते. ही क्लासला गेली की काका यायचे आणि मिठाची भांडी बल्ब म्हणून मांडून मला शिकवायचे. मी वाक्य पाठ केलं : 'एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र समान असते.' आंघोळ करताना म्हणायचो, बसमध्ये म्हणायचो, दाव्यांच्या कागदांवर सही करताना म्हणायचो. मुलीने एकदा बाथरूमच्या दाराला कान लावला.

''बाबा, तुम्ही पाठांतर करताय?''

''गाणं म्हणतोय.''

''चाल नाहीये,'' ती म्हणाली. पण आईला तिने ताकास तूर लागू दिली नाही. आईला आनंदाचा धक्का बसावा असं तिलाही वाटलं असावं.

परीक्षेच्या दिवशी पहिली अडचण फाटकावरच उभी होती. मागे कधी तरी विभागातलं सामान चोरीला गेल्यापासून बाहेरच्या माणसाला नोंदीशिवाय आत सोडत नाहीत. खिडकीतल्या कारकुनाने वही उघडली.

''विद्यार्थी?''

''हो. म्हणजे पाहुणा विद्यार्थी.''

''ओळखपत्र?'' ते नव्हतं. ''मग पालक?''

''कोणाचा?''

''ते मी कसं सांगू? पाहुणे असाल तर आठ दिवस आधी पत्र लागतं. ठेकेदार आहात का?''

मी माझ्या कपड्यांकडे पाहिलं. हिचं मनगटावरच्या घड्याळाकडे लक्ष. शेवटी ही म्हणाली, ''अहो दादा, यांच्यावर मला पाठ घ्यायचाय हो!'' त्यावर कारकुनाचा चेहरा उजळला. ''असं होय! मग साहित्यात घालतो की. आधी नाही सांगायचं?'' आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नवरा, एक नग'. हिने 'आणणाऱ्याची सही' या रकान्यात सही केली.

वर्गात मी पहिल्या बाकावर बसलो. बाक आठवीच्या मापाचा, पोट माझ्या मापाचं. हिने फळ्याजवळ एक सेल आणि एकामागे एक जोडलेले दोन छोटे बल्ब मांडले होते, अजून न पेटवलेले. दोन्ही अगदी एकसारखे. तिने विचारलं, ''मुलांनो, बटण दाबलं तर कुठला बल्ब जास्त उजळेल?''

दाढीवाला ओरडला, ''पहिला, बाई, पहिला!'' मागून मोठ्या बाई म्हणाल्या, ''अभिनय नको.''

मग ही माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ''तू सांग बरं.''

तू! आमच्यात 'अहो-जाहो' चालतं. मी जरा गडबडलो, पण उठलो. बाकही माझ्याबरोबर थोडा उठला. आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, ''एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र समान असते!''

टाळ्या येतील असं मला वाटलं होतं. एकही आली नाही. हिचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिचा सगळा पाठ माझ्या चुकीवर उभा होता. मी म्हणायला हवं होतं की पहिला बल्ब जास्त उजळेल, आपल्या इमारतीत पाणी आधी पहिल्या मजल्याला मिळतं आणि वरच्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते तसं. खरंच सांगतो, काका आले नसते तर मी अगदी हेच म्हणालो असतो.

''का बरं समान असते?'' तिने धडपडत विचारलं.

'का' हे काकांनी शिकवलं नव्हतं. मी तेच वाक्य परत म्हणालो, आणखी मोठ्याने.

मग जे व्हायचं तेच झालं. तिला घाई सुटली. तिने प्रश्न विचारले आणि उत्तरंही तिनेच दिली, आणि घंटा व्हायच्या कितीतरी आधी पाठ संपला. मोठ्या बाईंनी मला दारात गाठलं. चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला.

''कोणी पढवलं तुम्हाला?''

''शेजाऱ्यांनी,'' मी म्हणालो. शाळेनंतर पहिल्यांदाच मी कोणाचं तरी नाव सांगत होतो.

''न समजता पाठ केलेली मुलं मला कुठल्याही वर्गात मिळतात हो. खरी चूक करणारा माणूस मिळत नाही. तो आता तुम्ही बिघडवून टाकलात.''

पाठ नापास. पंधरवड्याने बाहेरच्या परीक्षकांसमोर एक शेवटची संधी. ही म्हणाली, दुसरा पाहुणा आणू का? बाईंची हरकत नव्हती. कारकुनाची होती. साहित्याची नोंद वर्षाची असते आणि बदली साहित्य फक्त पहिलं फुटल्यास मिळतं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ''तसं काही फुटलेलं दिसत नाही.''

परतीच्या बसमध्ये ही खिडकीशी बसली. मी तयारीत होतो. बोल बाई, काय बोलायचं ते बोल. पण ती रागावली नाही. बाहेर बघतच म्हणाली, ''मला वाटलं होतं, तुम्ही तरी खरं बोलाल.'' एवढंच. मला फार वाईट वाटलं. इतकं की उतरायचा थांबा मागे गेला तरी दोघंही उठलो नाही.

घरी आल्यावर तिने एकच सांगितलं. ''या वेळी विषय मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही फक्त काही शिकू नका.''

मी शब्द दिला. आणि तिथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. शिकणं सोपं आहे हो, कोणीही शिकतं. न शिकणं किती अवघड असतं ते मला विचारा. विषय कुठला ते माहीत नाही, म्हणजे सगळंच टाळायचं. वर्तमानपत्रातलं विज्ञानाचं पान मुलगी सकाळी कात्रीने कापून घ्यायची. टीव्हीवर गाड्यांची जाहिरात लागली तरी मी डोळे मिटायचो, कारण गाडीत इंजिन असतं. ऑफिसात बातमी पसरली तेव्हा जो तो येऊन मला काही ना काही समजावायला लागला. दाव्याची साधी फाइल समजावून सांग म्हटलं तर ज्यांना वेळ नसतो, ते लोक मला इंद्रधनुष्य समजावत होते! मी माझी घंटी वाजवत राहायचो. त्या पंधरवड्यात तिचा तेवढा उपयोग झाला.

आणि काका! काकांना पश्चात्ताप झाला होता. पश्चात्ताप झालेला इंजिनिअर फार वाईट. ''मी बिघडवलंय, मीच दुरुस्त करणार, गॅरंटी,'' म्हणत ते जिन्यात दबा धरून बसायचे. मुलीने दारावर पाटी लावली : 'बाबांशी विज्ञानावर बोलू नये'. तर ते दाराच्या फटीतून आकृत्या सरकवायला लागले. मुलगी त्या चिमट्याने उचलायची आणि मला दिसणार नाहीत अशा धरून कचऱ्यात टाकायची. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच सापडलो. ते म्हणाले, ''वहिनी फ्रीजरमध्ये डबे ठेवून बघतायत म्हणे. म्हणजे विषय गॅरंटी...'' मी कानांत बोटं घालून जोरात गायला लागलो आणि मधल्याच मजल्यावर उतरून पळालो. त्या मजल्यावरच्या बाई बऱ्याच दिवस माझ्याकडे काळजीने पाहत होत्या.

पण मी अज्ञान जपलं. परीक्षेच्या सकाळी माझं डोकं अगदी कोरं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

हिला लवकर पोहोचायचं होतं. तिने फ्रीजरमधून एक डबा काढला, मुलीच्या लोकरीच्या शालीत गुंडाळून पिशवीत टाकला. दुसऱ्याला पिशवीत जागा नव्हती. ''तासाभराने निघाल तेव्हा तो दुसरा डबा तुम्ही आणा. बर्फ आहे त्यात. कशात गुंडाळायचा ते टेबलावर ठेवलंय.'' एवढं बोलून ती थांबली. आणखी काही तरी सांगायचं होतं, ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. सांगितलं असतं तर मी शिकलो असतो ना! पण हे मला तेव्हा कुठलं कळायला?

टेबलावर माझा हिरवा स्वेटर होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने स्वतः विणलेला. त्याची एक बाही लांब आहे. सगळ्या जगाच्या चुका काढणाऱ्या माझ्या बायकोच्या हातून झालेली ती एकच चूक. मी ती तिला कधीच दाखवली नाही, लांब बाही दुमडून घालतो.

तर तो स्वेटर घातलेला डबा मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो. बाहेर रणरणतं ऊन. शेजारच्या आजींनी विचारलं, ''काय आहे हो?'' मी म्हणालो, ''बर्फ.'' त्यांनी कपाळावर हात मारला. ''अहो, मग त्याला स्वेटर कसला घातलाय? या उन्हात? वितळेल ना बिचारा!''

माझ्याही मनात तेच चाललं होतं. परीक्षेच्या धसक्याने हिचं डोकं ठिकाणावर नाही, बर्फाला ती स्वेटर घालते आहे, आणि मी मुकाट्याने नेतो आहे! पुढच्या बाकावरचे गृहस्थही मागे वळून म्हणाले, काढा, काढा. कंडक्टरलाही पटलं. इतक्या लोकांचं एकमत मी आमच्या इमारतीच्या एकाही बैठकीत पाहिलेलं नाही. मी स्वेटर काढून बाजूला ठेवला आणि डबा छान वारा लागावा म्हणून उतरेपर्यंत खिडकीत धरून बसलो. हात भरून आले. पण मनात म्हणत होतो, आज मी हिचा पाठ वाचवला.

फाटकावर कारकून म्हणाला, ''एक नग, तोच ना?'' आणि आत सोडलं.

बाहेरचे परीक्षक टाय लावून पहिल्या रांगेच्या कडेला बसले होते. मोठ्या बाई मागे. मी डबा आणि स्वेटर हिच्या टेबलावर ठेवून बाकात शिरलो. पाठ सुरू झाला. तिने आपल्या डब्याची शाल सोडली आणि झाकण उघडलं. आत बर्फाचा घट्ट गोळा, कडा जरा गोलावलेल्या. मग तिने माझा डबा उघडला. आत पाणी. त्यात नखाएवढी एक चकती तरंगत होती, तीही सगळ्यांच्या देखत दिसेनाशी झाली.

तिने वर पाहिलं. ती नजर मी ओळखतो. त्या नजरेनंतर 'अहो, साधी एक गोष्ट' असं सुरू होणारं वाक्य येतं. ओठ उघडले. दोन्ही डबे सारखे ठेवून, एक गुंडाळून आणि एक उघडा, वर्गातच दाखवायचा तिचा बेत होता, तो मी खिडकीतून वाऱ्यावर सोडला होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं. जागा गेली, शाळा गेली, सगळं माझ्यामुळे गेलं.

आणि ओठ मिटले. अठरा वर्षं मी ते ओठ पाहतो आहे, तेव्हा ते मिटायला किती जोर लागला असेल ते मलाच माहीत.

''मुलांनो,'' ती म्हणाली, ''हे दोन्ही डबे सारखे. सारखंच पाणी भरून एकाच फ्रीजरमध्ये ठेवले होते. हा बर्फवाला सकाळी आधी निघाला. हा पाणीवाला त्याच्यानंतर तासाभराने. तरी याचंच पाणी झालं. का बरं?''

दाढीवाल्याचा हात वर गेला. तिने तो खाली करायला लावला आणि माझ्याकडे आली.

''तू आणलास ना हा? याला स्वेटर होता ना?''

''होता, बाई.''

''मग?''

सांगण्यासारखं खूप होतं. बसला उशीर झाला, ऊन फार होतं, गर्दीत स्वेटर सुटला. विम्याच्या दाव्यांत मी रोज असली कारणं वाचतो, एकाहून एक सरस. पण मला बसच्या खिडकीशी बसलेली ती आठवली.

''मी काढला, बाई.''

''का काढलास?''

''स्वेटर गरम असतो. बर्फ वितळेल म्हणून काढला.''

बाहेरचे परीक्षक मोठ्याने हसले. बाकीचेही हसले. माझे कान तापले. मला वाटलं, आता ही सांगणार, चूक कशी ते एका दमात सांगणार आणि मी बसणार. ती म्हणाली, ''अगदी खरं वाटतं ते सांगितलंस. आपण हे लिहून ठेवू.'' आणि तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : स्वेटर गरम असतो. माझं चुकीचं वाक्य, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, तिने मधे न तोडता ऐकलं होतं आणि वर लिहिलंही होतं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

''हे खरं असेल तर कुठला बर्फ आधी वितळायला हवा होता?''

''शालीतला,'' मी म्हणालो. आणि अडकलो. कारण शालीतला तर तसाच होता.

ती थांबली. वर्गात इतकी शांतता की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. परीक्षक खुर्चीत हलले. दाढीवाला उत्तराने फुटायच्या बेतात आला होता, तिने नुसत्या तळव्याने त्याला थांबवलं. आणि वाट पाहत राहिली. मी विचार करतो आहे आणि माझी बायको वाट पाहते आहे, हा अनुभव मला नवीन होता.

मग तिने दोन तापमापक माझ्या हातात दिले. ''एक स्वेटरच्या आत घाल. एक बाहेर टेबलावर ठेव. आणि आकडा वाच.'' मी वाचला. दोन्हींचा आकडा एकच.

''बिघडलाय,'' मी म्हणालो.

''अदलाबदल करून बघ.'' तरीही तेच. मी स्वेटर उलटा केला, दोन्ही बाह्यांत तापमापक घालून पाहिला, लांब बाहीत जरा जास्त वेळ ठेवला. कुठेच गरम नव्हतं. माझा इतक्या वर्षांचा स्वेटर, आणि साधा टेबलाइतकाच!

''पण बाई, मी घातला की गरम होतो हो! शपथ!''

''तू घातलास की होतो. नुसता ठेवला तर होत नाही. मग गरम कोण आहे?''

मी वर्गाकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं. कोणी मदत करेना.

''मी?''

ती नुसती बघत होती, आणि तिचे डोळे असे चमकत होते की मला पुढचं सांगावंसंच वाटलं.

''गरम मी असतो! स्वेटर काही देत नाही, तो नुसता अडवतो. माझी ऊब बाहेर जाऊ देत नाही. आणि बर्फाला घातला तर बाहेरची आत येऊ देत नाही. म्हणजे तो काढून मीच बर्फाला उन्हात उघडा बसवला. वर वारा घातला! गरम वारा!'' मी बसलो. आणि लगेच परत उठलो, बाकासकट. ''अगं, म्हणजे ब्लँकेटसुद्धा?''

वर्ग खदखदून हसला. मोठ्या बाईही हसल्या. परीक्षकांनी मात्र पेन थांबवून त्यांना विचारलं, ''या गृहस्थांना तुम्ही पढवून आणलंय का?''

''मागच्या वेळी पढवलेले होते,'' मोठ्या बाई म्हणाल्या. ''आज नाहीत.''

हिने फडकं उचललं, फळ्यावरचं माझं वाक्य पुसायला. मग थांबली आणि ते मलाच दिलं. मी पुसलं.

पाठ पास झाला. मोठ्या बाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, ''आज थांबलात हो तुम्ही.'' त्यावर ही रडायलाच लागली. मला काय करावं सुचेना. मी डब्यातलं पाणी खिडकीबाहेरच्या कुंडीत ओतलं.

बाहेर पडताना तिने स्वेटरची घडी घालायला घेतली आणि मधेच थांबली. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी धरून बघत राहिली.

''अहो, याची एक बाही लांब आहे?''

''हो,'' मी म्हणालो. खरं बोलायचं ठरलंच होतं.

''कधीपासून?''

''पहिल्यापासून.''

''आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?''

''तू कधी विचारलं नाहीस. आणि थंडीत दुमड सोडली की मला त्यात हात झाकता येतो.''

ती हसली, डोळे पुसले, आणि स्वेटरची घडी माझ्याच हातात दिली. मी ती माझ्या पद्धतीने घातली. तिने परत घातली नाही.

फाटकावर कारकुनाने वही पुढे केली. वर्ष संपलं होतं, नोंद बंद करायची होती. ''साहित्य विभागाला जमा करताय की परत नेताय? परत नेणार असाल तर स्थिती आणि शेरा, दोन्ही भरा. रकाना रिकामा चालत नाही.''

हिने पेन घेतलं. माझ्याकडे पाहिलं, अगदी सावकाश, नीट तपासून पाहिल्यासारखं. मी पोट आत घेतलं. मग तिने स्थितीच्या रकान्यात लिहिलं, 'जुने, चालू'.

आणि शेऱ्यात लिहिलं, 'घरी लागते'.